रोबोट आणण्याआधी हाताचे काम कागदावर उतरवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘मूलपेशी आता रोबोट वाढवणार’ अशा अर्थाच्या बातम्या अलीकडे वरचेवर छापून येतात (मूलपेशी म्हणजे ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात त्या). सोबत पांढऱ्याशुभ्र खोलीत प्लेट उचलणाऱ्या यांत्रिक हाताचे छायाचित्र असते. वाचणाऱ्याची समजूत होते की यंत्र बसवले, बटण दाबले, की पेशी आपोआप वाढतील आणि उपचार स्वस्त होतील. आम्ही पत्रलेखक पेशीसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे, काम करणारे आहोत. या बातम्यांत जे सांगायचे राहून जाते तेच आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पत्र लांबले आहे, पण हा विषय तपशिलाशिवाय कळत नाही.

आधी हिशोब मांडू. अस्थिमज्जेतून किंवा नाळेतून मिळणाऱ्या मेसेन्कायमल मूलपेशींच्या चाचण्यांत रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे १० ते २० लाख पेशी हा नेहमी आढळणारा डोस आहे. रुग्ण ६० किलोचा असेल तर वरच्या मापाने १२ कोटी पेशी लागतात. या पेशी तळाला चिकटून वाढतात, म्हणून त्यांना जागा लागते, नुसते द्रव वाढवून भागत नाही. प्रयोगशाळेतला टी-१७५ फ्लास्क म्हणजे १७५ चौरस सेंटिमीटर तळाची चपटी बाटली. चौरस सेंटिमीटरला ४,००० पेशी पेरायच्या आणि साधारण २०,००० झाल्या की काढायच्या, असे धरले तर एका फ्लास्कमधून ३५ लाख पेशी हाती येतात. १२ कोटींसाठी असे ३५ फ्लास्क झाले. ते पेरायला लागणारे बियाणे आधीच्या ७ फ्लास्कांतून येते आणि त्या सातांचे २ फ्लास्कांतून. प्रत्येक टप्प्याला पाच-सहा दिवस. चाचणीसाठी बाजूला काढायच्या पेशी, गोठवून वितळवताना मरणाऱ्या पेशी, वाया जाणारा एखादा फ्लास्क, हे काहीच यात धरलेले नाही. एका रुग्णाच्या एका डोसाचा हा कागदावरचा किमान आकडा आहे.

काढणीच्या दिवशी काय करावे लागते ते पाहा. फ्लास्कमधले जुने मीडियम (पेशींचे पोषक द्रव) ओढून घ्यायचे. १० मिलिलिटर बफर सलाइनने पेशी धुवायच्या, कारण मीडियममधला सीरम मागे राहिला तर ट्रिप्सिन (पेशी तळापासून सोडवणारे विकर) निकामी होते. मग ५ मिलिलिटर ट्रिप्सिन घालून ३७ अंशांवर तीन ते पाच मिनिटे ठेवायचे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी गोल होऊन सुटू लागलेल्या दिसल्या की बाटलीच्या कडेला हलकी टिचकी मारायची, सीरम असलेले मीडियम घालून ट्रिप्सिन थांबवायचे, सगळे गोळा करून गुरुत्वाच्या ३०० पट जोराने पाच मिनिटे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी तळाला बसवायच्या, मोजायचे आणि पुन्हा पेरायचे. एवढ्यात एका फ्लास्कचे झाकण चार-पाच वेळा निघते. ३५ फ्लास्क म्हणजे दीडशेच्या आसपास वेळा आतली जागा उघडी पडते. हूडखाली (स्वच्छ हवेचा झोत असलेल्या कपाटासमोर) बसलेला माणूस पहिल्या दहा फ्लास्कांना जितका सावध असतो तितका तिसाव्याला नसतो. मनगट भरून येते, कोपर खाली येते, हात फ्लास्कच्या उघड्या तोंडावरून जातो आणि वरून येणारी स्वच्छ हवा तिथे अडते. जंतुसंसर्ग होतो तो बहुतेक अशाच क्षणी.

म्हणून यंत्रांचा पहिला उपयोग या मोजक्या आणि कंटाळवाण्या हालचालींसाठी झाला, आणि तो योग्यच होता. ब्रिटनच्या ‘द ऑटोमेशन पार्टनरशिप’ कंपनीने तयार केलेली ‘कॉम्पॅक्ट सिलेक्ट’ ही यंत्रणा हेच टी-१७५ फ्लास्क यांत्रिक हाताने उचलते, झाकण काढते, ओतते, हलवते आणि पेशी मोजते. दुसरा मार्ग भांडेच बदलण्याचा. दहा मजली प्लास्टिकच्या डब्याचे एकूण क्षेत्रफळ ६,३६० चौरस सेंटिमीटरच्या घरात असते, म्हणजे सुमारे ३६ फ्लास्क. वरच्या हिशोबातला अख्खा शेवटचा टप्पा एकाच भांड्यात बसला. ‘टेरुमो’ कंपनीच्या ‘क्वांटम’ यंत्रात पेशी केसासारख्या पोकळ तंतूंच्या आतल्या भिंतीवर वाढतात. त्याचे क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर, म्हणजे १२० फ्लास्कांइतके. त्यात झाकण उघडण्याचा प्रश्नच येत नाही, पिशव्या आणि नळ्या निर्जंतुक पद्धतीने वितळवून जोडतात. प्रक्रिया अशी बंद झाली की खोलीच्या स्वच्छतेचा वर्ग तुलनेने साधा चालतो, आणि खरी बचत इथे होते. उघड्या कामासाठी लागणारी सर्वोच्च वर्गाची स्वच्छ खोली, तिची हवा, तिचे कपडे आणि तिथले रोजचे जंतुमापन हा खर्च यंत्राच्या हप्त्यापेक्षा जड पडू शकतो.

पण प्रत्येक भांड्याची स्वतःची खोड असते. दहा मजली डब्यात लिटरभराहून जास्त द्रव असते. तो कुशीवर करून सगळ्या मजल्यांत पातळी सारखी होऊ द्यायची आणि मग सावकाश आडवा करायचा. इन्क्युबेटरची (पेशी ३७ अंशांवर ठेवायच्या पेटीची) फळी किंचित कलती असली तरी मजल्याच्या एका बाजूला द्रवाचा थर पातळ होतो, तिथल्या पेशी उपाशी राहतात आणि दुसऱ्या बाजूला गर्दी होते. साध्या सूक्ष्मदर्शकाला फक्त सर्वांत खालचा मजला दिसतो, वरच्या नऊ मजल्यांवर काय चालले आहे ते त्याच्यावरून ताडायचे. तंतूंच्या यंत्रात तर काहीच दिसत नाही. ग्लुकोज किती उतरले आणि ते खाऊन पेशींनी टाकलेले लॅक्टेट किती चढले यावरून वाढ किती झाली ते ठरवावे लागते. हात सुटला की डोळाही सुटतो, आणि डोळ्याची जागा घ्यायला आकडे आधी तयार असावे लागतात.

आता खरा नाजूक भाग. क्योटोचे शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना मागे नेऊन ज्या बहुक्षम (कुठल्याही प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या) मूलपेशी तयार केल्या, त्यांना आज सगळे आयपीएस पेशी म्हणतात. त्यांचे संगोपन मेसेन्कायमल पेशींपेक्षा कितीतरी कडक. मीडियम सहसा रोज बदलावे लागते, कारण त्यातला एफजीएफ-२ हा वाढीचा घटक ३७ अंशांवर झपाट्याने नासतो. रविवार असो, गणेश विसर्जन असो, कुणीतरी यावेच लागते. (उष्णतेला टिकणारा एफजीएफ-२ आता मिळतो आणि त्याने एखादा दिवस सोडता येतो. नुसती सुट्टी वाचवायला रोबोट घेणाऱ्यांनी आधी हे करून पाहावे.) आयपीएस पेशी सुट्या पडल्या की बहुसंख्य मरतात, म्हणून नेहमीच्या पद्धतीत त्यांना ५० ते २०० मायक्रॉनच्या पुंजक्यांतच सोडवून नव्या प्लेटमध्ये (खणाखणांच्या चपट्या भांड्यात) पेरतात. पुंजका फार मोठा राहिला तर त्याच्या मधल्या पेशी आपला मूळपणा सोडून भलतीकडेच वळू लागतात. फार बारीक झाला तर पेशी मरतात, किंवा वाय-२७६३२ हे पेशींना मरू न देणारे रसायन (रॉक इन्हिबिटर) १० मायक्रोमोलर मात्रेत पहिले चोवीस तास घालून त्यांना जगवावे लागते.

पुंजके सोडवायला ०.५ मिलिमोलर ईडीटीए (पेशींची पकड सैल करणारे रसायन) चार-पाच मिनिटे ठेवतात. हे ‘चार-पाच’ यंत्राला कसे सांगणार? सहा खणांच्या चार प्लेटा, म्हणजे २४ खण. यंत्राला प्रत्येक खणात ईडीटीए घालायला २० सेकंद लागतात, तेव्हा शेवटचा खण भरेपर्यंत ८ मिनिटे झालेली असतात. काढायला मात्र खणामागे १० सेकंदच लागतात. यंत्राचा कार्यक्रम (प्रोग्रॅम) लिहिणाऱ्याने ‘सगळ्यांत घाला, मग सगळ्यांतून काढा’ असे लिहिले असेल तर पहिल्या खणाला ८ मिनिटे मिळतात आणि शेवटच्याला ४. पहिल्या प्लेटमध्ये सुट्या पेशींचा भुगा होतो, चौथीत पुंजके छान येतात, आणि दोष मात्र ईडीटीएच्या बाटलीवर किंवा मीडियमच्या लॉटवर जातो. उपाय साधा आहे: एक प्लेट पुरी करून मगच दुसरी हातात घ्यायची. पण हे यंत्राच्या माहितीपुस्तकात नसते. हाताने काम करणारी मुलगी घड्याळ बघतच नाही. ती प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरते, पुंजक्याची कड उचलल्यासारखी चकाकू लागली आणि पेशींमध्ये बारीक फटी पडल्या की त्याच क्षणी द्रव ओढते. तिला विचारले तर ती म्हणते, ‘दिसतंच ना ते.’

आपल्याकडे याला हात बसणे म्हणतात. बसलेल्या हातात नेमके काय असते, ते सुटे करून मांडता येते. पिपेटचे (द्रव ओढून सोडणाऱ्या नळीचे) टोक तळापासून किती वर आहे, प्लेट किती कलती धरली आहे, द्रव खणाच्या भिंतीवर सोडले की थेट पेशींवर, किती वेगाने, पुंजके फोडायला पिपेट किती वेळा वरखाली केली, टिपेचे (पिपेटला लावायच्या सुट्या टोकाचे) भोक रुंद होते की अरुंद, तळाशी किती मायक्रोलिटर जुने मीडियम मुद्दाम मागे ठेवले. यातली प्रत्येक गोष्ट आकड्यात बसते. पण आपल्या बहुतेक प्रयोगशाळांच्या कार्यपद्धतीच्या कागदावर ‘हलक्या हाताने मिसळा’ एवढेच लिहिलेले असते. रोबोटला ‘हलक्या हाताने’ कळत नाही. त्याला सेकंदाला किती मायक्रोलिटर ते सांगावे लागते.

हे सगळे किती निर्णायक असते, ते जपानच्या कोबे शहरातल्या कामातून दिसते. तिथे २०१४ मध्ये नेत्रतज्ज्ञ मासायो ताकाहाशी यांच्या पुढाकाराने आयपीएस पेशींपासून बनवलेला दृष्टिपटलाच्या रंगद्रव्यपेशींचा पडदा जगात पहिल्यांदा रुग्णाच्या डोळ्यात बसवला गेला. या पेशी तयार होताना काळसर पडत जातात, म्हणून किती रंग चढला यावरून संवर्धन किती साधले ते मोजता येते. २०२२ मध्ये तिथल्या संशोधकांनी ‘माहोलो’ नावाचा दोन हातांचा रोबोट, जो माणसाचीच पिपेट आणि माणसाचीच भांडी वापरतो, संगणकाच्या शोधपद्धतीला जोडला. शक्य जोड्या सुमारे २० कोटी होत्या. त्यांनी १११ दिवसांत १४३ परिस्थिती करून पाहिल्या आणि रंगद्रव्याचा गुणांक ८८ टक्क्यांनी वाढवला. बदलून पाहिलेल्या गोष्टींत रसायनांची मात्रा आणि अवधी होता तसा ट्रिप्सिनचा वेळ आणि पिपेट मारण्याचा जोरही होता. जे आपण ‘हातगुण’ म्हणून सोडून देतो, ते तिथे मोजायच्या रकान्यात बसवले गेले. हा शोध सुरू करण्याआधी हाताच्या कृतीची प्रत्येक हालचाल आकड्यांत उतरवणे भागच होते, आणि आमच्या मते त्या कामाचा गाभा तोच आहे.

यंत्रांच्या किरकोळ वाटणाऱ्या खोड्यांनी बॅचच्या बॅच जातात, म्हणून त्यातल्या काही इथे नोंदवतो. पेशींचे पुंजके काही मिनिटांत तळाला बसतात. नळीतून प्लेट भरताना यंत्राने दर रांगेआधी पुन्हा ढवळले नाही तर पहिल्या रांगेत पेशी कमी आणि शेवटच्या रांगेत जास्त, किंवा उलटही होते. पेरलेली प्लेट यंत्राचा हात झटक्याने थांबवतो किंवा गोल फिरवतो तेव्हा पेशी खणाच्या मध्यभागी गोळा होतात. म्हणून हाताने काम करणारे प्लेट पुढे-मागे आणि मग डावीकडे-उजवीकडे सरकवतात, गोल कधीच फिरवत नाहीत, आणि दहा-पंधरा मिनिटे ओट्यावर स्थिर ठेवून मगच इन्क्युबेटरमध्ये घालतात. थंड प्लेट एकदम गरम फळीवर गेली की द्रवात प्रवाह सुटतात आणि पेशी कडेला ढकलल्या जातात. ९६ खणांच्या प्लेटमध्ये कडेच्या खणांतले पाणी आधी उडते आणि क्षार दाटतात, तिथे वाढ वेगळी दिसते. झाकणाच्या आतून वाफ धरली की झाकण प्लेटला चिकटते, यंत्राचा हात झाकण उचलायला जातो आणि प्लेटसकट वर येतो. मीडियमवर फेस आला की विद्युतधारकतेवर चालणारा पातळीमापक फेसालाच द्रव समजतो आणि टिपेत हवा भरतो. अल्कोहोलने पुसून आणि दमट हवेत राहून बारकोडची शाई उतरते आणि यंत्राला प्लेट ओळखू येत नाही.

सर्वांत वाईट बिघाड रात्रीचा. यंत्राने जुने मीडियम ओढले, नवे घालायच्या आत चूक दाखवून थांबले, आणि सकाळी प्लेटा कोरड्या. उघड्या खणात पेशी काही मिनिटांत सुकतात. म्हणून कार्यक्रमात नियमच असावा: पुरेसे नवे मीडियम आहे, ते गरम झाले आहे आणि घालणारी नळी चालू आहे, याची खात्री झाल्याशिवाय जुने ओढायचे नाही, आणि एका वेळी एकच प्लेट उघडायची. चूक झाल्यास कुणाच्या फोनची घंटा वाजेल हे आधी ठरलेले असावे. रात्री दोन वाजता येऊ शकणारा माणूस पगारावर नसेल तर रात्री चालणारे यंत्र कशाला घ्यायचे?

गोठवण्याच्या टप्प्यावर मात्र यंत्राइतका चांगला सोबती नाही, असे आम्हाला मनापासून वाटते. पेशी १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना वाचवणारे रसायन) असलेल्या द्रवात घालून मिनिटाला सुमारे १ अंश या गतीने थंड करतात आणि शेवटी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात. डीएमएसओ खोलीच्या तापमानाला पेशींना बाधते. दोनशे कुप्या हाताने भरायच्या तर पहिल्या कुपीतल्या पेशी शेवटची कुपी भरेपर्यंत त्यातच बसून राहतात. कुप्या भरून झाकण लावणारे साधे यंत्र हा फरक पुसून टाकते. त्याची छायाचित्रे कुणी छापत नाही, पण वितळवल्यावर किती पेशी जिवंत निघतात याच्यावर त्याचा परिणाम मोठा असतो.

मोजणीबद्दलही सांगायला हवे. ट्रायपॅन ब्ल्यू (मृत पेशींना चढणारा रंग) घालून न्यूबाउअर चौकटीत (मोजणीच्या आखीव काचेवर) शंभर पेशी मोजल्या तर निव्वळ योगायोगानेच दहा-एक इकडेतिकडे होतात. दोन माणसांच्या मोजणीत तफावत आली म्हणून लगेच कुणाला बोल लावू नये, जास्त पेशी मोजाव्यात. स्वयंचलित मोजणीयंत्र सातत्य देते, पण चिकटलेल्या तीन पेशींना ते एक समजू शकते आणि मृत पेशींच्या कचऱ्याला पेशी. प्रत्येक नव्या पेशीप्रकारासाठी हाताच्या मोजणीशी ताळा करून घेतल्याशिवाय त्याचा आकडा पेरणीसाठी वापरू नये.

आता आपल्या हवेकडे वळू. साध्या सीओटू (कार्बन डायऑक्साइडच्या) इन्क्युबेटरला गरम करता येते, थंड करता येत नाही. ३७ अंश टिकवायला बाहेरची खोली त्यापेक्षा निदान पाच अंश थंड असावी लागते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात वातानुकूलन बंद पडले की इन्क्युबेटर ३८-३९ वर चढतो आणि पेशी ताणात जातात. इन्क्युबेटरला जनरेटरची जोडणी असते, खोलीच्या वातानुकूलनाला नसते, ही चूक ठिकठिकाणी दिसते. पावसाळ्यात बुरशी. तिचे बीजाणू पुठ्ठ्याच्या खोक्यांवर बसून आत येतात, म्हणून टिपांचे आणि फ्लास्कांचे खोके बाहेरच फोडून प्लास्टिकच्या आवरणातला माल पुसून आत घ्यावा, आणि इन्क्युबेटरच्या ओलाव्याच्या तबकातले निर्जंतुक पाणी दर आठवड्याला बदलावे. रोबोटच्या पट्ट्यांत, गिअरमध्ये आणि वायरींच्या साखळीत बुरशी शिरली तर ती पुसणे ओट्याइतके सोपे नसते. सीओटूचे दोन सिलिंडर आणि एक संपताच दुसऱ्यावर जाणारा झडपसंच ही स्वस्त वस्तू आहे. तीच नसल्यामुळे वायू संपतो आणि सोमवारी सकाळी मीडियम गुलाबीचे जांभळे झालेले आढळते.

यंत्राने शुद्धता आपोआप येते, हाही गैरसमज आहे. मायकोप्लाझ्मा या जंतूला पेशीभित्तिका नसते, म्हणून तो ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटू शकतो आणि पेनिसिलिनला दाद देत नाही. मीडियम गढूळही होत नाही, पेशी फक्त सुस्तावतात. यंत्राच्या सामायिक नळीत तो शिरला तर एकाच रात्रीत सगळ्या प्लेटांत पोहोचतो. हाताने काम करताना संसर्ग निदान सगळीकडे असा एकदम जात नाही. उपचाराच्या बॅचमध्ये ‘सुरक्षेसाठी’ अँटिबायोटिक घालण्याची सवयही सोडायला हवी. त्याने थोडासा संसर्ग मरत नाही, दबून राहतो. गुणसूत्रांचेही तसेच. दीर्घकाळ वाढवलेल्या आयपीएस पेशींत २०व्या गुणसूत्राच्या २०क्यू११.२१ या भागाची वाढीव प्रत पुन्हा पुन्हा सापडते, कारण त्या भागातल्या बीसीएल-२एल-१ जनुकामुळे पेशी मरायला नकार देतात आणि बाकीच्यांना मागे टाकतात. अशी लाइन (एकाच मुळापासून वाढवत नेलेल्या पेशी) यंत्राच्या नोंदीत ‘उत्तम वाढ’ म्हणूनच दिसेल. म्हणून दर दहा-एक पॅसेजांनी (काढून पुन्हा पेरण्याच्या फेऱ्यांनी) गुणसूत्रांची तपासणी हवीच. कोबेमध्ये दुसऱ्या रुग्णासाठीच्या पेशींत जनुकीय बदल आढळले तेव्हा ती शस्त्रक्रिया केली गेली नाही. असा निर्णय कोणतेही यंत्र घेत नाही.

सगळीकडे यंत्र हवेच असेही नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत बुबुळाच्या कडेच्या, म्हणजे लिंबसच्या मूलपेशी गर्भवेष्टनाच्या पडद्यावर प्रयोगशाळेत दहा-चौदा दिवस वाढवून भाजलेल्या डोळ्यांवर बसवण्याचे काम २००१ पासून झाले. एका डोळ्याला लागणारा पडदा तो केवढा. तिथे हातच पुरतो. पुढे २०१२ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी लिंबसच्या लहानशा तुकड्याचे बारीक कण करून ते थेट डोळ्यावरच्या पडद्यावर बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि पेशी वाढवायला प्रयोगशाळेचीच गरज उरली नाही. यंत्र विकत घेण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला हा प्रश्न आधी विचारला जावा: हा टप्पा वगळता येतो का?

वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. यंत्राने वाढवल्या म्हणून पेशींचा उपचार सिद्ध होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या काही विकारांसाठी रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण हाच प्रस्थापित उपचार मानला. बाकीचे वापर मंजूर चाचणीच्या चौकटीतच व्हायचे आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. स्वयंचलित प्रयोगशाळेचे छायाचित्र दाखवून कुणी गुडघ्याच्या, मणक्याच्या किंवा मुलाच्या स्वमग्नतेच्या उपचाराचे पॅकेज विकत असेल तर चाचणीचा नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीची मान्यता मागावी.

आता आमचे मागणे. निधी मंजूर करणाऱ्या समित्यांनी यंत्राच्या प्रस्तावासोबत त्याच पेशींच्या हाताने केलेल्या सलग तीन बॅचच्या नोंदी मागाव्यात. प्रत्येक टप्प्याचा वेळ, वेग, शिल्लक द्रव, पेशींची संख्या, जिवंतपणाची टक्केवारी आणि वाया गेलेल्या बॅचचे कारण त्यात असावे. कामाचे चित्रीकरण करून त्यातून हे आकडे काढता येतात. द्रवाचे माप तपासायला तराजू पुरतो, १ मायक्रोलिटर पाण्याचे वजन १ मिलिग्रॅम भरते. यंत्र आल्यावर पहिले काही आठवडे त्यात फक्त रंगीत पाणी चालवावे, मग स्वस्त आणि चिवट पेशी, मग पेशींऐवजी जंतू वाढतील असे पोषक द्रव घालून पूर्ण प्रक्रिया करावी आणि १४ दिवस ठेवून कुठे गढूळपणा येतो का ते बघावे. मौल्यवान आयपीएस लाइन त्यानंतर.

खरेदीच्या कागदात चालू खर्च लिहिलेला असावा. ९६ खणांच्या एका प्लेटचे मीडियम रोज बदलायचे आणि काढायला-घालायला वेगळ्या टिपा वापरायच्या तर दिवसाला १९२ टिपा. दहा प्लेटांना १,९२०. महिन्याला ५७,६००. त्या टिपा एकाच कंपनीच्या, त्याच यंत्राला बसणाऱ्या, परदेशातून येणाऱ्या असतील, तर पहिल्या वर्षाचा निधी संपल्यावर यंत्रावर प्लास्टिकचे आवरण चढते. पाच वर्षांच्या टिपा, गाळण्या, दुरुस्तीचा करार आणि कार्यक्रम बदलण्याचे प्रशिक्षण मूळ मंजुरीतच यायला हवे.

आणि माणसे. पेशी सांभाळणारे बहुतेक हात प्रकल्पाच्या मुदतीपुरते नेमलेले असतात. मुदत संपते, ती मुलगी किंवा तो मुलगा दुसरीकडे जातो, आणि ‘दिसतंच ना ते’ त्यांच्यासोबत जाते. नवा माणूस येऊन त्याचा हात बसेपर्यंत पुन्हा काही महिने आणि काही बॅच. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात देशभरच्या संशोधकांसाठी पेशींच्या लाइन जपल्या जातात. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेत मानवी भ्रूणीय मूलपेशींच्या केआयएनडी-१ आणि केआयएनडी-२ या लाइन तयार झाल्या. अशा संस्थांनी पेशींच्या कुपीबरोबर ती पेशी सांभाळण्याची आकड्यांतली कृती आणि तिचे चित्रीकरणही जपावे आणि मागेल त्या प्रयोगशाळेला द्यावे. राज्य शासनाने अशा केंद्रांत पेशीसंवर्धन तंत्रज्ञाची कायम पदे निर्माण करावीत आणि ‘पाच वर्षे हाताने पेशी वाढवल्याचा अनुभव’ ही अट त्यांत घालावी. यंत्राचा कार्यक्रम लिहायला बसणाऱ्या अभियंत्याने पहिला महिना या तंत्रज्ञाच्या शेजारी हूडसमोर काढावा, हातात स्टॉपवॉच घेऊन.

आपले,
पेशीसंवर्धनाच्या कामातील काही तंत्रज्ञ आणि संशोधक, पुणे